तळवा बघायला माणूस

जुबेदाबाई माणसाच्या तोंडाकडे सर्वांत शेवटी बघत. आधी पाय, मग चप्पल, मग चाल, आणि हे सगळं झालं की उगाच राहायला नको म्हणून चेहरा. त्यामुळे नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "तो गो, डाव्या करंगळीवर कुरूप असलेला," अशी त्या मला पेशंटची ओळख सांगत. काही दिवसांनी मलाही तेवढी ओळख पुरायला लागली.

भिवंडीत निजामपुऱ्याच्या एका गल्लीत, खाली लूम आणि वर दवाखाना, अशी एका ट्रस्टची इमारत होती. सत्याऐंशी साली मी तिथं औषधांच्या खिडकीवर लागले. खालच्या मागांमुळे आमची फरशी दिवसभर थरथरत असे आणि फडताळातल्या बाटल्या एकमेकींवर वाजत. पहिल्याच आठवड्यात मी बाटल्यांच्या मध्ये कापडाच्या पट्ट्या घातल्या, फडताळांना आकडे दिले, काय कुठे आहे त्याची यादी दाराला लावली. जुबेदाबाई समोरच्या ड्रेसिंगच्या खोलीतून हे बघत होत्या. मग त्या आल्या, यादी वाचली आणि म्हणाल्या, "तुझ्या टाचेच्या भेगा या यादीत न्हाय दिसत."

ही आमची ओळख.

त्या उंच होत्या, काटकुळ्या. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, आणि पायांत पुरुषी काळे बूट, आत मोजे. मे महिन्यातही. आमचे डॉक्टर भले माणूस, पण त्यांना चिडवल्याशिवाय राहवत नसे. "सिस्टर, परेडला निघालात का?" ते विचारत. "तुमच्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला की सांगते कुठं निघाले ते," असं बाई म्हणत. आणि तो तुटलाच एकदा, जिन्यावर. डॉक्टरांचा घोटा मुरगळला. बाईंनी बर्फ मागवला, पट्टी बांधली, पाय उशीवर ठेवला आणि ताकीद दिली की घरी जाऊन कुणाकडून चोळून घ्यायचा नाही. चिडवण्याची एवढी चांगली संधी होती, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त तुटलेली चप्पल त्यांच्या टेबलावर ठेवून आल्या.

बाई भिवंडीच्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. नर्सिंग मुंबईला केलं, तिथंच नोकरी केली, नवरा वारला तेव्हा परत आल्या. मूलबाळ नव्हतं. भाऊ कुटुंबासह मुंब्र्याला राहायला गेलेला. निजामपुऱ्यातल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत आणि भिंतीपलीकडे हमीदाखाला. एवढीच माहिती मला होती. बाकी त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ड्रेसिंगच्या खोलीत त्या एका बुटक्या स्टुलावर बसत आणि पेशंट खुर्चीवर. पेशंटचा पाय त्यांच्या मांडीवर, मांडीवर टॉवेल. यावरून रोज भांडण होई. मागावरचे कामगार बहुतेक उत्तर प्रदेशातले. आईच्या वयाच्या बाईने आपले पाय धरायचे म्हणजे त्यांना संकट वाटे. रामसूरत म्हणून एक होता, तो पहिल्या दिवशी खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

"अम्मा, आप हमारा पाँव छुएँगी तो हम नरक में जाएँगे."

"जाएगा तो पाँव अच्छा लेके जा," बाई म्हणाल्या. "उधर भी चलना पड़ेगा."

तो बसला. पण ड्रेसिंग झाल्यावर फिट्टंफाट करायला म्हणून बाईंच्या पायांशी वाकला. बाईंनी स्टूल एवढ्या झटक्याने मागे सरकवलं की त्या जवळजवळ पडल्या. "आमच्यात मानूस मानसाच्या पायाशी झुकत न्हाय," त्यांनी मला नंतर सांगितलं. "तुमच्यात असल. मना न्हाय चालत." मी म्हटलं, तुम्ही तर दिवसभर लोकांच्या पायांशी बसता. "ते काम हाय," त्या म्हणाल्या.

त्यांचं बोलणं हे असं. घरची बोली, कामगारांशी हिंदी, डॉक्टरांशी नीट शाळेतलं मराठी. सूचना मात्र तिन्हींत एकच. पाय धुतले की बोटांच्या मध्ये कोरडे करायचे. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. कुरुपाला ब्लेड लावायचं नाही. चप्पल संध्याकाळी घ्यायची, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो. सकाळी घेतलेली चप्पल संध्याकाळी चावते. बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचं. माझ्या भेगांवर त्यांनी कोकमाचं तेल दिलं. ते वडीसारखं घट्ट असतं, गरम करून लावायचं. ते लावून झाल्यावर मी मोजे घातले का, हे त्या रोज विचारत. मी कंटाळून घालायला लागले आणि भेगा गेल्या.

एकदा एक नवी लग्न झालेली मुलगी आली. टोकदार सँडल, चेहरा रडवेला. "सिस्टर, पायाला कुरूप झालंय."

"पाय चांगला हाय तुझा," बाई म्हणाल्या आणि सँडल दोन बोटांत धरून तिच्यासमोर नाचवली. "कुरूप ही हाय."

काल्हेरहून बायजाबाई येत. आगरी शेतकरीण. तेव्हा काल्हेरला गोदामं नव्हती, भातशेती होती. पावसाळ्यात त्यांच्या बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी पांढऱ्या पडून फाटलेल्या असत.

"आखा दिस चिखलान असतू बाय. सुकवू कवा?"

"रातचे. जेवल्यावर. बोटांच्या मधी फडका फिरव."

"नवरा हसल."

"त्याचे पन पूस. मंग न्हाय हसायचा."

पुढच्या खेपेला बायजाबाईंनी मुळ्याची भाजी आणली आणि सांगितलं की नवरा आता स्वतःच पाय पुढे करून बसतो, नवीनच काम लागलं मागे. सबंध दवाखाना हसला. बाईही हसल्या, पण त्या भाजीकडे बघत राहिल्या थोडा वेळ.

खालच्या मागांवर मात्र त्यांचं काही चालत नव्हतं. मागाच्या खोलीत कुणी चप्पल घालून जात नसे. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत सगळे अनवाणी, बारा-बारा तासांची शिफ्ट. आडवा धागा नेणारा धोटा मागातून निसटला की लोखंडी टोकाने पायावर यायचा. खिळे, तारा, तेल सांडलेलं. बाईंकडे येणारे अर्धे पाय तिथून वर येत. त्यांनी रामसूरतला विचारलं, चप्पल का नाही घालत?

"मशीन के सामने? अम्मा, रोज़ी है ये."

मला वाटलं बाई आता चिडतील. त्या वर येऊन म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. रोजीसमोर रस्त्याची घाण कशी न्यायची? मंग रस्ता न बघितलेली चप्पल पायजे." त्या मागांच्या मालकाकडे, शेठकडे गेल्या, त्याच्या मागे लागून लागून कॅनव्हासचे नवे बूट मिळवले आणि कामगारांना जमवून सांगितलं, हे बूट मागाचे. हे बाहेर न्यायचे नाहीत, यांना पाक ठेवायचं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी खाली बघायला गेलो. कामगार सगळे अनवाणी. बूट प्रत्येक मागाच्या वर खिळ्याला टांगलेले, नाड्या बांधलेल्या, स्वच्छ. रामसूरतच्या बुटाशेजारी उदबत्ती खोचलेली.

"आपने बोला ना, पाक रखना," तो म्हणाला.

बाई कापडाच्या एका गाठीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मागांच्या आवाजातही ऐकू आलं. "पाक रखने को बोला था. तुमने तो बूट को पीर बना दिया." मग त्यांनी स्वतः त्याचे बूट खाली काढले, त्याला बसवलं आणि त्याच्या पायांत घातले. या वेळी तो नरकाबद्दल काही बोलला नाही. नंतर सगळ्यांनी घातले असं नाही, पण बऱ्याच जणांनी घातले.

तळव्याचा विषय निघाला तो शुगरच्या पेशंटमुळे. शुगर फार वर्षं राहिली की पायाची जाणीव जाते, जखम झालेली कळत नाही आणि दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही. कधीतरी एका शिबिरात बाई एक युक्ती शिकून आल्या होत्या. मासे धरायच्या गळाचा नायलॉनचा धागा त्यांनी काडीला बांधला होता. पेशंटने डोळे मिटायचे, बाई धाग्याचं टोक तळव्याला टेकवत आणि विचारत, लागलं? कुठं? ज्याला सांगता येत नसे त्याला सूचना मिळे: रोज तळवे बघायचे. "आपला तळवा आपल्याला धड दिसत न्हाय. घरच्या मानसाला दाखवायचा."

रामसूरतला शुगर निघाली तेव्हा त्यालाही हेच सांगितलं, हिंदीत. तो म्हणाला, "घर का आदमी तो आज़मगढ़ में है, अम्मा. पाँव डाक से भेजें?"

बाकीचे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शनिचर को आ. मैं देखूँगी."

तेव्हापासून शनिवारी दुपारी, दवाखाना बंद झाल्यावर, ज्यांच्या घरचं कुणी इथं नाही असे लोक येऊन बसू लागले. कामगार, एक म्हातारा घड्याळजी, नारपोलीची एक सोडलेली बाई. जुबेदाबाई स्टुलावर बसून एकेकाचे तळवे बघत. बहुतेकांना काहीही झालेलं नसे. काहीही झालेलं नाही हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायला ते येत, असं मला वाटे. मी नंबर लावून देत असे. चहाची व्यवस्था माझ्याकडे.

अशाच एका शनिवारी एक नवा पोरगेला कामगार धाग्याला घाबरत होता. त्याला वाटलं सुई आहे. बाई म्हणाल्या, बघ, आधी मला लावतात. त्यांनी स्वतः खुर्चीत बसून एका पायाचा बूट आणि मोजा काढला, साडीच्या काठाखालून पायाचा पुढचा भाग तेवढा पुढे केला आणि डोळे मिटले. "शालन, लाव गो."

मी काडी घेतली. धागा जरा वाकला होता म्हणून सरळ करू लागले.

"लागलं," बाई म्हणाल्या. "अंगठ्याला."

मी अजून टेकवलाच नव्हता.

त्या मुलाला काही कळलं नाही. तो हसून पाय पुढे करून बसला. मी काडी बाईंना परत दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि चेहऱ्याकडे आधी बघितलं, हे मला आठवतं.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "बाई, शुगर कधीपासून?"

"लई वर्षं झाली."

"मग तुमचे पाय कोण बघतं?"

"हमीदाखाला बघते. रोज सकाळी चहाला येते, बघते, जाते. लहानपनापासनं एका भिंतीला राहतो आम्ही."

"मी बघू का आज?"

मी खाली बसणार तोच त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "पाया पडतेस काय?" त्या थट्टेने म्हणाल्या, पण पाय बाहेर आले नाहीत. "तू खिडकी बघ तुझी."

हमीदाखाला गेली ती मे महिन्यात, दुपारची. मी दवाखान्यातून तशीच गेले. दाराबाहेर चपला काढून आम्ही बायका आत होतो, जुबेदाबाईही बूट-मोजे काढून. मय्यत बाहेर नेली तेव्हा बायका अंगणात आल्या. अंगणात शहाबादी फरशी, डोक्यावर ऊन. पुरुष गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत कुणी हललं नाही, आणि मग एकेक बाई चटके बसून पाय उचलत, पदर सावरत सावलीकडे पळाली. मीही. जुबेदाबाई तिथंच उभ्या राहिल्या. गल्लीचं टोक रिकामं झालं तरी त्या तिकडे बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "बघा, किती जीव होता दोघींचा." ते खरंच होतं. त्यांना हाताला धरून आत आणावं लागलं.

नंतर त्या दोन-तीन दिवस कामावर आल्या, मग आल्या नाहीत. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. त्या पलंगावर बसल्या होत्या. समोर जमिनीवर नवऱ्याचा दाढीचा गोल आरसा, पाटाला टेकवून उभा केलेला. पाय आरशासमोर धरून त्या वाकून वाकून बघत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर धरलेला पाय तेवढा दिसे. आरशात त्यांना काय दिसणार?

खोलीतल्या वासावरून मला समजलं.

"बाई, मला बघू द्या."

"तू खाली बसायचं न्हाय. खुर्ची घे." मग, "पायाकडे बघू नको. आरशात बघ आनि सांग."

मी खुर्ची ओढून घेतली, आरसा माझ्याकडे थोडा कलता केला आणि बघितलं. तळवा भाजून फोड आलेले, फुटलेले. दोन बोटांशी काळं पडलेलं. त्या माझ्याकडे न बघता विचारत होत्या.

"लाल हाय?"

"लाल आहे. आणि काळं पण आहे."

"कुठं?"

"शेवटच्या दोन बोटांना."

"पानी येतंय?"

"येतंय."

त्यांनी पाय वर घेतला. मग दुसऱ्या कुणाच्या पायाबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, "ठान्याला न्यावं लागंल." आणि लगेच, "पाय ठेवतील काय गो?"

 मी रिक्षा आणली. पिशवीत टॉवेल, औषधांच्या चिठ्ठ्या, साड्या, पैसे असं एकेक भरलं. जिना उतरताना त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळं वजन देऊन उतरल्या. दुखत काहीच नव्हतं त्यांना.

ठाण्याच्या हॉस्पिटलात त्यांचा पाय राहिला. दोन बोटं गेली. रामसूरत आणि शनिवारची मंडळी बसने बघायला गेली. वॉर्डमध्ये एवढी माणसं बघून तिथल्या नर्सने विचारलं, तुम्ही यांचे कोण? रामसूरत म्हणाला, "घर के आदमी." नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं.

त्यांना एकटीला राहू द्यायला तिथले डॉक्टर तयार नव्हते. मुंब्र्याहून भाचा आला आणि त्यांना घेऊन गेला. भाऊ तोपर्यंत वारला होता. निजामपुऱ्याच्या खोल्या भाड्याने गेल्या. दवाखान्यात नवी सिस्टर आली, चांगली होती. ती खुर्चीवर बसे आणि पेशंटला टेबलावर पाय ठेवायला लावी. शनिवारी दोन-तीनदा लोक आले, जिन्यात बसले, आणि मग यायचे बंद झाले.

मी मुंब्र्याला जायचं ठरवत राहिले आणि गेले ते पावसाळा संपल्यावर. भाच्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, घर भरलेलं. दोन मुलं, भाचेसून, भावजय, पाहुणे, टीव्ही. लोक चांगले. सुनेने चहा दिला, खाऊ दिला आणि कौतुकाने सांगितलं, "फूफी का कुछ कटकट नहीं. मैं रोज पूछती हूँ, पाँव दुखता है क्या? बोलती हैं, नहीं."

बाई मागच्या खोलीत होत्या, गॅलरीकडे तोंड करून. पायांवर चादर. जास्तच वाळल्या होत्या. माझ्या चपलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. "नवी घेतलीस. संध्याकाळी घेतलीस ना?"

"संध्याकाळी."

त्यांनी दवाखान्यातल्या सगळ्या पायांची चौकशी केली. घड्याळजीचं नख, बायजाबाईंच्या बेचक्या, रामसूरतचे तळवे. रामसूरत गावी गेला हे ऐकल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. तिथं बघनारी हाय त्याला."

"बाई, इथं कोण बघतं?"

"सून विचारते रोज."

"विचारते. बघते का?"

"दुखत न्हाय म्हनते मी तिला. खोटं कुठं बोलते? खरंच दुखत न्हाय." मग हळू म्हणाल्या, "परक्याची पोर गो. तिच्या हातात पाय कसे देऊ?"

बाहेर मुलांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी निघायला म्हणून पर्स उचलली. बाई म्हणाल्या, "दार लोट."

मी दार लोटलं. वळून बघते तर त्यांनी चादर बाजूला केली होती.

"बस खाली," त्या म्हणाल्या.

मी चटईवर बसले. त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला. फार हलका होता, आणि गार. त्या जशा बघत तसंच मी बघितलं: आधी टाच, मग बाहेरची कड, मग बोटं एकेक बाजूला करून त्यांच्या मधली जागा, मग नखं. दोन बोटांच्या जागी कातडी ताणून चकचकीत झाली होती.

"काय हाय?"

"काही नाही. टाच जरा कोरडी आहे."

"रंग?"

"चांगला आहे."

"बोटांच्या मधी?"

"सुकं आहे."

त्यांनी दुसरा पाय दिला. तोही तसाच बघितला, तशीच उत्तरं दिली. "झालं, बाई. दोन्ही नीट आहेत."

त्यांनी मान हलवली. पाय मांडीवरून काढला नाही. बाहेर सून कुणाला तरी जेवायला हाका मारत होती, आणि बाई गॅलरीतून समोरच्या इमारतीकडे बघत होत्या, जिथं त्यांना काही दिसत नसावं.

"परत बघ," त्या म्हणाल्या.

मी परत टाचेपासून सुरुवात केली.